बारा नारळ आणि तीन रकाने

गेल्या श्रावणात माझा भाचा एक छापील कागद घेऊन माझ्याकडे आला. तो येथेच, बंगळूरमध्ये, एका संगणक-कंपनीत काम करतो. दुसरीकडे अर्ज करावा असे त्याच्या मनात होते, आणि त्या अर्जासोबत जोडावयाचा बायोडाटा त्याने मला दाखवावयास आणला होता. शिक्षण झाले, नोकऱ्या झाल्या, येथपर्यंत कागद व्यवस्थित भरलेला होता. त्याखाली ‘प्रकल्प’, ‘छंद’ आणि ‘स्वयंसेवा’ असे तीन मथळे होते आणि तिन्हींच्या खाली कोरी जागा.

“मामा, माझे शनिवार कुठे लिहू?” त्याने विचारले.

त्याच्या शनिवारांविषयी थोडे सांगावयास हवे. बंगळूरच्या आसपास शेतांच्या बांधांवर, देवळांच्या आवारांत, क्वचित एखाद्या नव्या इमारतीच्या पायापाशी जुने शिलालेख पडून आहेत. शहर वाढत चालले तसे ते गाडले जाऊ लागले, फुटू लागले. ते शोधून त्यांची निगा राखावी या बुद्धीने 2017 च्या सुमारास काही नागरिक एकत्र आले. आणि 1909 साली स्थापन झालेल्या येथील मिथिक सोसायटीने 2021 पासून या दगडांच्या त्रिमितीय प्रतिमा घेण्याचे काम हाती घेतले. माझा भाचा अशा कामात मदत करतो. दगड धुवावयाचा, मोजावयाचा, यंत्राने त्याची प्रतिमा घ्यावयाची, जागेची नोंद करावयाची. प्रतिमा नीट आली नाही तर पुढच्या शनिवारी पुन्हा जावयाचे. पगार नाही, म्हणून ही नोकरी नव्हे. परंतु ठरलेली वेळ आहे, नोंदवही आहे, चुकीची विचारणा आहे. म्हणून हा निव्वळ छंदही नव्हे. ‘स्वयंसेवा’ म्हणावे, तर त्या शब्दाने वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर रक्तदानाची शिबिरे आणि वृक्षारोपण येते. अक्षरे वाचण्याचे आणि यंत्र चालविण्याचे जे कौशल्य त्याने मिळविले, ते त्यात बुडून जाते.

मी आधी हसण्यावारी नेले. पण रात्री विचार करताना लक्षात आले की, चाकरी मागावयास आलेल्या माणसाने आपल्याजवळचे काय, कोणत्या नावाने आणि कोणत्या क्रमाने पुढे ठेवावे, हा प्रश्न या शहराला नवा नाही. आपल्या मराठीतल्या अभ्यासकांना ज्याचा परिचय आहे असे त्याचे एक सुंदर उदाहरण याच बंगळूरमध्ये सतराव्या शतकात घडले.

1638 मध्ये विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याने बंगळूर जिंकले. त्या मोहिमेत शहाजीराजे होते आणि पुढे हा मुलूख त्यांच्या जहागिरीत आला. शहाजीराजांनी येथे दरबार भरविला, आणि त्या दरबाराची कीर्ती दूरवर पसरली. ती ऐकून जयराम पिंड्ये नावाचा नाशिककडचा एक कवी इतक्या लांब आला. त्याने लिहिलेला ‘राधामाधवविलासचंपू’ हा ग्रंथ इतिहासाचार्य राजवाड्यांनी एका प्रदीर्घ प्रस्तावनेसह 1922 साली प्रसिद्ध केला, म्हणून ही हकीकत आपल्याला कळते. कवी दरबारात आला आणि त्याने राजापुढे बारा नारळ ठेविले. बाराच का, असे विचारले तेव्हा उत्तर आले की, मला बारा भाषांत काव्य करता येते. संस्कृत आणि मराठी तर होत्याच. गुजराती होती, पंजाबी होती, दक्षिणी मुसलमानांची बोली होती, आणि ज्या प्रांतात तो उभा होता तेथील कानडीही होती.

या प्रसंगाकडे केवळ कविचमत्कार म्हणून पाहू नये. अर्जदार म्हणून जयराम किती हुशार होता ते पाहावे. विजापूरची चाकरी करणारा, मराठी बोलणारा, कानडी मुलखावर अंमल चालविणारा हा दरबार. तेथे निरनिराळ्या मुलखांतून आलेल्या लोकांची ये-जा. तेथे भाषा हीच सर्वांत उपयोगाची पुंजी, हे त्याने ओळखले आणि तीच सर्वांत पुढे ठेविली. तीही बारा असे मोजून, की ऐकणाऱ्याला पडताळा पाहता यावा. आणि पडताळा पाहिला गेलाच. दरबारातील मंडळींनी समस्या घातल्या आणि त्याने त्या पुऱ्या केल्या. आजच्या भाषेत बोलावयाचे तर अर्ज आणि मुलाखत एकाच बैठकीत झाली. नारळ मोजताना, यांतली कोणती भाषा पोटासाठी शिकलास आणि कोणती हौसेसाठी, असा भेद करण्याचे मात्र कोणाला कारण नव्हते. नारळ सारे एकाच राशीत होते.

युरोपात याच्याही दीडशे वर्षे आधी लिओनार्दो दा विंची याने मिलानच्या लुदोविको स्फोर्झाला लिहिलेल्या पत्राचा मसुदा उपलब्ध आहे. ते पत्र साधारण 1482 चे मानतात. त्यात त्याने क्रमवार कलमे घातली आहेत: हलके पूल, वेढ्याची साधने, तोफा, झाकलेले रथ. शांततेच्या काळातल्या इमारती आणि पाण्याचे पाट अगदी शेवटी येतात. आणि मग, जाता जाता, आपण शिल्प आणि चित्रही करू शकतो असे तो सांगतो. ज्या कलेसाठी जग आज त्याला ओळखते, ती त्याने शेपटाला बांधली, कारण स्फोर्झाला त्या वेळी तोफा हव्या होत्या. त्याला कोणी लबाड म्हणू नये. त्याने काही दडविले नाही, काही फुगविले असेल. क्रम मात्र समोरच्याची गरज पाहून लाविला.

मग हे रकाने आले कोठून? माझ्या मते ते कचेरीबरोबर आले. पेशवाईतला कुलकर्णी गावचे दप्तर आपल्या घरीच ठेवीत असे. वतन वंशपरंपरेचे, लेखणी घरची, पाहुणा आला तर त्याच ओसरीवर बसणार. अशा माणसाच्या दिवसाचे ‘सरकारी’ आणि ‘खाजगी’ असे दोन तुकडे पाडणे कठीणच होते. इंग्रजी अमलात पगार आला, वेळ आली, बदली आली, पेन्शन आली, आणि कामाची जागा घरापासून तुटली. कचेरी आणि घर यांची ही फारकत हे आधुनिक नोकरशाहीचे एक मुख्य लक्षण आहे, असे मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने म्हटले आहे. कचेरी सुटल्यावर उरलेल्या वेळाला नाव हवे झाले. त्या वेळात स्वतःसाठी केले तो छंद, दुसऱ्यासाठी केले ती सेवा.

या नव्या विभागणीत जे माणूस बसेना, त्याचे उत्तम उदाहरण पुन्हा बंगळूरचेच आहे. आणि योगायोग असा की माझ्या भाच्याचे दगडही तेच.

बेंजामिन लुईस राइस याचा जन्म 1837 साली बंगळूरमध्ये एका मिशनऱ्याच्या घरी झाला. शिक्षण इंग्लंडात घेऊन 1860 मध्ये तो येथील सरकारी हायस्कूलचा प्रमुख म्हणून परत आला. ह्याच शाळेतून पुढे सेंट्रल कॉलेज निघाले. नंतर तो शाळांचा तपासनीस झाला आणि मग मैसूर-कोडगूच्या शिक्षणखात्याचा संचालक. त्याचे वेतन शाळा पाहण्याचे. पण शाळा पाहण्यासाठी खेड्यापाड्यांतून फिरावे लागे, आणि त्या वाटेवर जागोजागी कोरलेले दगड उभे होते. त्याच सुमारास मेजर डिक्सन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने काही शिलालेखांची छायाचित्रे सरकारसाठी घेतली होती. ती वाचावयाचे काम राइसकडे आले आणि त्याचे फळ म्हणजे 1879 चे ‘मैसूर इन्स्क्रिप्शन्स’ हे पुस्तक.

त्या वर्षी राइसने जर अर्ज भरला असता, तर शिलालेख त्याने कोणत्या रकान्यात लिहिले असते? शिक्षणखात्याच्या संचालकाच्या कर्तव्यांत ताम्रपट वाचणे येत नाही. फार तर ‘छंद’. पण 1885 मध्ये मैसूर संस्थानात पुरातत्त्व खाते निघाले आणि त्याची सूत्रे राइसच्या हाती आली. आधी इतर जबाबदाऱ्या सांभाळून आणि नंतर पूर्ण वेळ त्याने ते चालविले. 1886 पासून 1905 पर्यंत ‘एपिग्राफिया कर्नाटिका’चे बारा खंड बाहेर पडले, त्यांत जवळजवळ नऊ हजार शिलालेख आहेत. बंगळूर जिल्ह्याचा नववा खंड 1905 चा. माझा भाचा शनिवारी जे दगड हुडकतो, त्यांतले पुष्कळसे याच खंडातल्या नोंदींवरून हुडकतो. कित्येक ठिकाणी नोंद सापडते, दगड सापडत नाही.

म्हणजे काम तेच, माणूस तोच. वर्ष उलटले आणि रकाना बदलला. हे सर्वांच्याच नशिबी असते असे नाही. आपल्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांचे पाहा. कोकणातल्या मुरूडचे हे गृहस्थ शिक्षणखात्यात शिक्षक होते. 1896 मध्ये त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ निघाला, आणि त्याच वर्षी रॉबर्ट सूएल या मद्रासकडील मुलकी अधिकाऱ्याबरोबर केलेला ‘द इंडियन कॅलेंडर’ हा कोष्टकांचा ग्रंथही. जुन्या दस्तऐवजांतल्या तिथी इसवी सनात मांडण्याची सोय या दुसऱ्या ग्रंथाने केली, आणि ती संशोधकांना जितकी लागत होती तितकीच कोर्टकचेऱ्यांनाही. एक शाळामास्तर आणि एक मुलकी अधिकारी. दोघांपैकी एकाच्याही नेमणुकीच्या कागदावर पंचांग नव्हते. दीक्षित 1898 मध्ये वारले, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी. त्यांच्यासाठी कोणी खाते काढले नाही. ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक 1878 मध्ये काढून बखरी छापणारे काशीनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक हेही शिक्षणखात्यातलेच. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा बराच मोठा भाग शाळा सुटल्यानंतर तयार झाला आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

तिसऱ्या रकान्याची, म्हणजे लोकसेवेची, गोष्ट याहून बिकट आहे. न्यायमूर्ती रानडे 1871 मध्ये पुण्यास न्यायखात्यात आले. त्याच्या आदल्याच वर्षी सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. दिवसा न्यायासन आणि बाकीचा वेळ सभा, असा त्यांचा क्रम पडला. 1876–77 च्या दुष्काळात सभेने प्रांताची पाहणी करून सरकारला अहवाल पाठविले. 1878 मध्ये सभेचे त्रैमासिक निघाले आणि त्यातले पुष्कळ लेखन रानड्यांचे, सहीवाचून. यात त्यांना मोबदला नव्हता. आज एखाद्या अर्जात ‘दुष्काळी भागाची सामाजिक-आर्थिक पाहणी’ असे वाक्य आले तर निवड समितीचे सभासद माना डोलावतील. त्या वेळच्या सरकारने ते वेगळ्या वहीत लिहिले. 1878 मध्ये रानड्यांची नाशिकला बदली झाली. 1879 मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाची धामधूम चालू असता त्यांना तडकाफडकी धुळ्यास धाडण्यात आले. तेथे त्यांची पत्रे फोडली जात, आणि संशयाची पारख करण्यासाठी बनावट पत्रेही त्यांच्याकडे येत. रानडे ती पोलिसांकडे पाठवून देत. रमाबाईंनी आपल्या आठवणींत हे लिहून ठेविले आहे. आणि याच गृहस्थाला 1886 मध्ये सरकारने खर्चकपातीचा विचार करणाऱ्या फायनान्स कमिटीवर घेतले. प्रांताच्या अर्थकारणाचे जे ज्ञान लागत होते, ते त्यांनी मिळविले होते त्या सभेच्या कामातच.

मी स्वतः सरकारी नोकर आहे, म्हणून या तीन रकान्यांची सरकारने अलीकडे काय व्यवस्था लाविली आहे तेही सांगावेसे वाटते. केंद्रीय नागरी सेवांचे वर्तणूक नियम 1964 चे आहेत. त्यांतला पंधरावा नियम सांगतो की, सरकारी नोकराला पूर्वपरवानगीवाचून सामाजिक वा धर्मादाय स्वरूपाचे मानसेवी काम करता येते. साहित्य, कला किंवा विज्ञान यांसंबंधीचे प्रासंगिक काम करता येते. आणि हौशी खेळाडू म्हणून खेळातही भाग घेता येतो. अट एवढीच की, त्यायोगे कर्तव्यात कसूर होता कामा नये. आणि वरिष्ठांनी थांबविले तर थांबावे. माझ्या भाच्याचे कोडे नियमकर्त्यांनी असे चार ओळींत सोडविले आहे. ‘प्रासंगिक’ हा शब्द मात्र मला नेहमी अडवितो. दीक्षितांचे ज्योतिष प्रासंगिक होते काय? राइसचे दगड?

निवड समित्यांवर मी अनेकदा बसलो आहे. शेकड्यांनी अर्ज पाहिल्यावर एक गोष्ट नजरेत भरते: ‘छंद’ हा रकाना वाचलाच जात नाही. तेथे वाचन, प्रवास आणि संगीत एवढेच असते आणि ते सर्वांचेच असते. ही मी माझ्यावरच्या अनुभवावरून सांगतो. तरुणपणी मी एका संग्रहातल्या मोडी कागदांची यादी करीत होतो. दोन वर्षे, कचेरी सुटल्यावर, सातशेच्या वर कागद. एका जागेसाठी अर्ज करताना विनयाने ते ‘छंद’ म्हणून लिहिले. मुलाखतीत अध्यक्षांनी एवढेच विचारले, “वेळ बरा जात असेल, नाही?” ती जागा ज्या कामाची होती त्यात जुनी कागदपत्रे लावणे हेच मुख्य होते. दोष त्यांचा होता, पण निम्माच. मथळा मी दिला होता.

तेव्हा भाच्याला मी जी कसोटी सांगितली ती पगाराची नव्हती. पगार मिळाला की नाही, यावरून कामाची जात ठरवू नये, असे मला वाटते. उद्या तू हे सोडलेस तर तुला कोण जाब विचारील, ते पाहा. कोणीच विचारणार नसेल तर तो छंद. आणि छंद असणे यात कमीपणा नाही. ज्याला तू शब्द दिला आहेस तो माणूस वाट पाहत राहणार असेल, तर ती सेवा. आणि हाती घेतलेले एक निश्चित काम अर्धवट राहणार असेल, तुझ्या नोंदीवर विसंबून दुसरा पुढे जाणार असेल, तर ते काम आहे, मग त्याला प्रकल्प म्हण की आणखी काही.

भाचा ऐकून घेणारा आहे, मान्य करणारा नाही. तो म्हणाला, “पण मामा, नोकऱ्यांच्या लगेच खाली हे लिहिले तर पगारी काम होते असे वाटेल. ते लपविल्यासारखे होईल.” आक्षेप खरा होता. मी ‘विनावेतन’ हा शब्द घालावयास सांगितला. त्याने तो घातला. मग आम्ही उरलेले वाटून टाकले. ‘प्रकल्प’ या मथळ्याखाली शिलालेख आले: किती वर्षे, किती दगड, त्याने स्वतः काय केले आणि दुसऱ्यांनी काय केले. हा शेवटचा भाग लिहिताना तो बराच वेळ अडला, कारण ‘आम्ही’ आणि ‘मी’ यांची फोड करावी लागली. माझ्या मते कोणत्याही अर्जाचा खरेपणा तेथेच ठरतो. वस्तीतल्या मुलांना तो रविवारी गणित शिकवितो, ते सेवेत गेले. डोंगर चढतो, ते छंदात. ‘नेतृत्वगुण’ नावाची एक ओळ होती, ती त्याने आपण होऊन खोडली.

एक प्रश्न तरीही उरला. ज्या कंपनीकडे हा अर्ज जाणार होता तिला दगडांशी कर्तव्य नव्हते. मग हा मजकूर वर ठेवावा की खाली? येथे मी जयराम पिंड्ये आणि लिओनार्दो यांची साक्ष काढली. प्रतिमा घेणे, मोजमापे जुळविणे, नोंदी शोधता येतील अशा लाविणे, ही कौशल्ये त्या कंपनीला हवी होती. ती आधी आली. अक्षरे गंगांच्या काळातली आहेत की होयसळांच्या, हे मागून आले. भाच्याला ते थोडे लागले. त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे तेच होते.

बंगळूरच्या दक्षिणेस बेगूर येथे नागेश्वराचे देऊळ आहे. तेथे इसवी सन 890 च्या सुमाराचा एक शिलालेख आहे आणि त्यात ‘बेंगळूरू’ हे नाव आलेले आहे. या शहराच्या नावाचा इतका जुना उल्लेख दुसरा माहीत नाही. तो लेख कोणा राजाच्या दानाचा नव्हे. बेंगळूरूच्या लढाईत पडलेल्या एका माणसाची ती आठवण आहे. आपल्याकडच्या वीरगळासारखीच गोष्ट. मी एका शनिवारी भाच्याबरोबर तो पाहावयास गेलो. एवढ्या मोठ्या दगडावर त्या माणसाच्या साऱ्या आयुष्यातला एकच दिवस कोरलेला. तो काय चाकरी करीत होता, त्याला कशाची आवड होती, गावासाठी त्याने काय केले, याला तेथे रकाना नाही.

परत येताना भाच्याने मला विचारले की, तुमचे हे आकाशवाणीवरचे भाषण कोणत्या सदरात मोडते. मी नियम आठवून सांगितले की, ते साहित्यविषयक आणि प्रासंगिक असल्याने पंधराव्या नियमात बसते. “आणि उद्या तुम्ही ते दिले नाही, तर कोणी जाब विचारील का?” तो म्हणाला. वेळ तर ठरली होती, मजकूर मात्र अजून लिहावयाचा होता. मी गाडी थोडी जोरात हाकावयास सांगितली.